एकतीस जून

पहिल्याच दिवशी फ्रेमवर्कने मला एका ओळीत वाटेला लावलं. समोरचा डेटाबेस फार जुना आहे, अमुक आवृत्तीच्या खालच्यांशी आपण बोलत नाही. मी ती ओळ दोनदा वाचली आणि खरं सांगायचं तर मला गंमत वाटली. दोघं एकाच खोलीत, एकाच तारेला जोडलेले, आणि एकाने दुसऱ्याचं वय विचारून दार लावून घेतलेलं.

खोली पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळमजल्यावरची. एका भिंतीवर शहराखालच्या जलवाहिन्यांचा नकाशा. दुसरीवर व्हॉल्व्ह फिरवायच्या लोखंडी चाव्या टांगलेल्या. माझ्या खांद्याएवढ्या उंच, वर आडवा दांडा. आणि कोपऱ्यातल्या टेबलाखाली तो जुना कॉम्प्युटर. कधीकाळी पांढरा असावा, आता दात न घासलेल्या माणसाच्या दातांसारखा झाला होता. त्यावर कागद चिकटवलेला होता: 'बंद करू नये.' त्याखाली दुसऱ्याच अक्षरात: 'पुसूही नये.'

पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी सहा महिन्यांपूर्वी इथे लागले. काम सांगायला सोपं होतं. शहरात सहाशे चाळीस व्हॉल्व्ह रस्त्यांखाली पुरलेले आहेत. त्यांची माहिती त्या जुन्या डेटाबेसमध्ये आहे. ती नव्या वेबसाइटवर आणायची, म्हणजे व्हॉल्व्हमन रस्त्यात उभा राहून फोनवर बघू शकेल: व्हॉल्व्ह नेमका कुठे, किती फेऱ्यांत बंद होतो, शेवटचा कधी तपासला. वेबसाइट ज्या तयार सांगाड्यावर उभी करायची तो फ्रेमवर्क गेल्या वर्षीचा. डेटाबेस माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा.

"मॅडम, जुनाच नवा करून टाकू या का?" मी आमच्या इंजिनिअर मॅडमना विचारलं होतं.

"त्यावर वरची तक्रारीची खिडकी चालते," मॅडम म्हणाल्या. "ती बंद पडली तर लोक तक्रार कुठे करणार? तुझ्या घरी येऊ देत? त्याला हात न लावता काय करायचं ते कर. आणि पुढच्या गुरुवारच्या आत."

गुरुवारी रुग्णालयासमोरची लाइन बंद करायची होती. रुग्णालयाच्या पुढे पाइप फुटला होता आणि तो तुकडा बदलायचा होता. रुग्णालयाच्या फाटकाशी व्हॉल्व्ह आहे, दोनशे बारा नंबरचा. तो बंद झाला की पुढची लाइन कोरडी होते आणि रुग्णालयाचं पाणी चालू राहतं. तो बंद झाला नाही, किंवा मोडला, तर मागचा मोठा व्हॉल्व्ह बंद करावा लागणार, म्हणजे रुग्णालयासकट सगळा भाग तीन दिवस कोरडा. दोनशे बाराला शेवटचा हात अकरा वर्षांपूर्वी लागला होता, आणि ज्यांनी लावला ते व्हॉल्व्हमन आता हयात नव्हते.

मॅडमसाठी ते काम होतं. माझ्यासाठी त्यात काका होता. माझा सख्खा काका, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला, आता मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याच रुग्णालयात डायलिसिसच्या खुर्चीत बसायचा. एका वेळेला सव्वाशे लिटर पाणी लागतं, आणि टँकरच्या पाण्यावर आम्ही मशीन चालवत नाही असं तिथल्या डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं होतं. दोन खेपा चुकल्या की काय होतं ते मी एकदा पाहिलंय. पुन्हा पाहायचं नव्हतं.

काका मात्र मजेत. "माझ्या एकट्याच्या रक्ताला जेवढं पाणी लागतं तेवढं तुमच्या अख्ख्या ऑफिसच्या तोंडाला लागत नसेल," तो म्हणाला. काकूने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. "हसतोय बघ. जिवावर बेतलंय आणि याला विनोद सुचतात."

मी कपाटातून एक टाकून दिलेला लॅपटॉप काढला. त्याला जुन्या डेटाबेसची भाषा येत होती. त्यावर एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो जुन्याकडे जाऊन त्याच्या पद्धतीने विचारणार, मिळेल ते साध्या मजकुरात उतरवून नव्याच्या हातात देणार. लग्न जमवणारे मध्यस्थ असतात तसा. दोन्हीकडच्यांनी एकमेकांचं तोंडही पाहायचं नाही. पहिल्यांदा सगळी अक्षरं प्रश्नचिन्हं होऊन आली. दुसऱ्यांदा नीट आली, पण निम्म्यावर थांबली. सोमवारी दुपारी सगळी आली.

सहाशे चाळीस व्हॉल्व्ह, प्रत्येकाच्या आजवर तीन तपासण्या, म्हणजे एक हजार नऊशे वीस ओळी. फ्रेमवर्कने त्यांतल्या छप्पन्न नाकारल्या. कारण प्रत्येक वेळी तेच: ही तारीख अस्तित्वात नाही.

मी पहिली ओळ उघडली. एकतीस जून. दुसरी, एकतीस नोव्हेंबर. तिसरी, एकतीस फेब्रुवारी.

जुन्या आवृत्तीला एवढंच बघायचं ठाऊक होतं की महिना बाराच्या आत आहे आणि दिवस एकतीसच्या आत. जूनला तीसच दिवस असतात हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. नव्या फ्रेमवर्कला मात्र लीप वर्षंसुद्धा तोंडपाठ.

"टायपिंगच्या चुका," मॅडम माझ्या खांद्यावरून बघत म्हणाल्या. "सगळ्यांचे तीस कर, फेब्रुवारीचे अठ्ठावीस कर, आणि मोकळी हो. एक दिवस इकडेतिकडे झाला तर व्हॉल्व्हला काय कळतंय?"

एका ओळीचं काम होतं. मी ती ओळ लिहिलीही. बोट बटणावर होतं. पण प्रयोगशाळेत एक सवय लागलेली असते. जो आकडा फेकायचा तो आधी मोजायचा. मी छप्पन्न ओळी महिन्यांप्रमाणे लावल्या.

चुका अशा नसतात. माणूस चुकला तर कधी बत्तीस लिहील, कधी तेरावा महिना लिहील, तीस फेब्रुवारी लिहील. बत्तीस जुन्यानेच अडवलं असतं, मान्य. पण तीस फेब्रुवारी? एकही नाही. एकोणतीस फेब्रुवारी, चुकीच्या वर्षी? एकही नाही. छप्पन्नच्या छप्पन्न एकतीस. मग मी त्याच ओळी व्हॉल्व्हच्या नंबराप्रमाणे लावल्या आणि खुर्चीत नीट बसले. त्या सगळ्या फक्त एकोणीस व्हॉल्व्हच्या होत्या. चारशे सहा नंबर, तिन्ही वेळा एकतीस. अठ्ठ्याऐंशी, तिन्ही वेळा एकतीस. मधे चारचार वर्षं गेलेली, तरी पुन्हा एकतीस. बाकीच्या सहाशे एकवीस व्हॉल्व्हना असली तारीख एकदाही नाही.

चूक हाताची असते. ती त्याच त्या व्हॉल्व्हला आठ वर्षं धरून बसत नाही. म्हणजे ही चूक नव्हती. व्हॉल्व्हबद्दल कुणीतरी काहीतरी सांगत होतं. आणि आणखी एक खडा दाताखाली आला: एकोणीस त्रिक सत्तावन्न. माझ्याकडे छप्पन्न होत्या. एका व्हॉल्व्हची एक तारीख सरळ होती. पहिल्या दोन तपासण्या एकतीस, तिसरी, अकरा वर्षांपूर्वीची, बारा ऑगस्ट.

तो दोनशे बारा होता.

मंगळवारी काकाजवळ बसले असताना मी त्याला हे सगळं सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं झोपला.

"घड्याळात एक स्क्रू असतो," तो डोळे न उघडता म्हणाला. "बाकी सगळे स्क्रू एकीकडे फिरतात, हा एकच उलट. डाव्या आट्यांचा. माहीत नसलेला माणूस तो सैल करायला जातो आणि आणखी आवळतो. होत नाही म्हणून जोर लावतो, आणि कट. डोकं हातात. म्हणून चांगले कारखाने त्या स्क्रूच्या डोक्यावर एकाऐवजी तीन चिरा पाडतात."

"कशाला? एका चिरेने फिरत नाही?"

"फिरतो की. चिरा फिरवायला नाहीत गं. पुढच्या माणसाला सांगायला आहेत, की बाबा, हा उलट्या डोक्याचा आहे, जपून." त्याने एक डोळा उघडला. "तुझ्या त्या तारखा तारखा म्हणून लिहिल्यात कशावरून?"

परत येताना मी अक्षरशः पळत आले.

आमच्या व्हॉल्व्हमनला सगळे मामा म्हणतात. मामा पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या विभागातून बदलून आलेले. दोनशे बाराला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. एकोणीसची यादी त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"यातला एकही मी फिरवलेला नाही ताई. हे सगळे जुन्या लायनीवरचे. तिकडे कुणी जातच नाही."

"एक उघडून बघू या?"

"काय बघायचं त्यात?"

"कुठल्या बाजूला बंद होतो ते."

मामा हसले. "व्हॉल्व्ह उजवीकडेच बंद होतो. माझ्या आजोबांच्या वेळचासुद्धा. हे म्हणजे सूर्य कुठून उगवतो ते बघायला गच्चीवर जाण्यासारखं झालं." पण चावी त्यांनी भिंतीवरून काढली होती.

सर्वांत जवळचा अठ्ठ्याऐंशी नंबर, लाँड्रीच्या मागच्या गल्लीत. मामांनी पहारीने झाकण उचललं, आतली माती हातांनी काढली, चावी खाली सोडून चौकोनी डोक्यावर बसवली आणि उजवीकडे दाब दिला. काही नाही. पुन्हा दाब दिला. व्हॉल्व्ह ढिम्म.

"गंजलाय," मामा म्हणाले. "दांड्याला नळी चढवून दोघांनी ओढलं की सुटेल."

"आणि नाही सुटला तर?"

"तर आतला दांडा, स्पिंडल, तुटेल. मग काय, खणा रस्ता."

"डावीकडे बघा ना. हलकेच."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना उलटं चालायला सांगितलंय. मग डावीकडे दाब दिला. चावी कुरकुरली आणि फिरली. मामा थांबले. दांड्याला कान लावला, आणखी दोन फेऱ्या दिल्या, पुन्हा कान लावला.

"आवाज बारीक होतोय," ते हळूच म्हणाले. "बंद होतोय हा. डावीकडे! अहो, ज्या कुणी हे बसवलेत त्यांना उजवा-डावा हात कळत नव्हता का?" मग त्यांनी ज्या काही शिव्या घातल्या त्यांत कौतुकही बरंच होतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही आणखी तीन उघडले. तिन्ही उलटे.

राहिला दोनशे बारा. त्याची शेवटची तारीख सरळ होती, याचे दोन अर्थ निघत होते. एक, अकरा वर्षांपूर्वी तो व्हॉल्व्ह बदलून सरळ बसवला. दोन, तारीख घालणाऱ्याला ही खूण माहीत नव्हती. पहिल्या अर्थाने उजवीकडे फिरवायचा, दुसऱ्याने डावीकडे. तपासून बघायचं म्हटलं तर मॅडम तयार नव्हत्या: रुग्णालयाचं पाणी गुरुवारच्या आधी हलवायचं नाही, टाकी भरून ठेवली नसताना तर नाहीच.

माहिती भरणाऱ्या बाई निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. ऑफिसात त्यांना अजून 'कॉम्प्युटरबाई' म्हणतात. बुधवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्या खिडकीत बसून चष्म्याच्या काचा पुसत होत्या. एकतीस जून म्हटल्याबरोबर त्यांचा हात थांबला.

"सापडलं का तुला? अगं, त्या प्रोग्राममध्ये दिशेचा रकानाच नव्हता! रकाना वाढवून द्या म्हणून तीन अर्ज केले. उत्तर नाही. आमचे जुने व्हॉल्व्हमन म्हणायचे, बाई, मी मेल्यावर कुणीतरी हे मोडणार. मग आम्ही दोघांनी ठरवलं, उलट्या व्हॉल्व्हला नसलेली तारीख द्यायची. कॉम्प्युटर काही बोलला नाही. मग आम्हीही नाही बोललो."

"कुठे लिहून नाही ठेवलंत?"

"ठेवलं होतं की. टेबलाच्या काचेखाली." त्या जरा ओशाळल्या. "मग टेबलं बदलली."

"आणि दोनशे बारा? अकरा वर्षांपूर्वी, बारा ऑगस्ट. तो बदलला होता का?"

त्यांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्या सुमाराला लेकीच्या बाळंतपणासाठी मी दोन महिने रजेवर होते. पण ते त्या वर्षी की पुढच्या, हे आता छातीठोक नाही सांगता येणार. मी असते तर खरी तारीख म्हणजे बदललाच. नसते, तर माझ्या जागी बसलेल्याला खूण कुठून माहीत असणार? आणि बघ, उगीच तुला बरं वाटावं म्हणून मी काहीतरी सांगणार नाही."

मी डेटाबेसमध्ये बघितलं होतं. त्या ऑगस्टच्या आगेमागे एकोणिसांपैकी फक्त दोनशे बाराच तपासला गेला होता. ताडून बघायला दुसरी ओळ नव्हती. घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं.

दुपारी मी नव्या वेबसाइटवर रकाना केला: 'बंद होण्याची दिशा.' सहाशे एकवीस व्हॉल्व्हना उजवी. अठरांना डावी. तारखांना मी हात लावला नाही, जशा होत्या तशा अक्षरांत ठेवल्या. दोनशे बारापुढे लिहिलं: 'माहीत नाही. हलक्या हाताने.'

मॅडमनी स्क्रीन बघितली. "माहीत नाही? सरकारी वेबसाइटवर माहीत नाही? काहीतरी एक टाक. पहिल्या दोन तपासण्या डाव्या आहेत ना? डावी टाक."

"मॅडम, डावी टाकली तर उद्या फिटर ते खरं धरतील. डावीकडे हलला नाही तर गंजलाय म्हणतील आणि नळी चढवतील. उजवी टाकली तरी तेच. 'माहीत नाही' वाचलं तर निदान जोर लावायच्या आधी थांबतील."

मॅडमनी भिंतीवरच्या नकाशात रुग्णालयाचं फाटक शोधलं. "वरच्यांनी विचारलं तर मी तुझं नाव सांगेन," त्या म्हणाल्या आणि गेल्या. ती परवानगी होती, असं मी धरून चालले.

गुरुवारी सकाळी साडेसातला आम्ही रुग्णालयाच्या फाटकाशी होतो. मामा, दोन फिटर, मॅडम आणि मी. रुग्णालयाची टाकी भरलेली होती, एक दिवस पुरेल एवढी. काकाची पाळी दहाची. मामांनी चावी बसवली आणि उजवीकडे दाब दिला. हलला नाही. डावीकडे दाब दिला. तिकडेही नाही.

याचा विचार मी केलाच नव्हता.

"चढवा नळी," थोरला फिटर म्हणाला. "अकरा वर्षांचा गंज आहे, गोंजारून नाही सुटत."

"कुठल्या बाजूला चढवू?" मामांनी विचारलं. "फोनवर काय लिहिलंय ते वाच आधी."

त्याने वाचलं. नळी खाली ठेवली.

मी मामांजवळ बसले. "मामा, दाब दिला की दांडा जरासा फिरल्यासारखा वाटतो ना?"

"तो पिळतो ताई. दीड मीटरचा गज आहे. सोडला की परत येतो."

"मग जे परत येणार नाही, तेवढंच खरं हललेलं."

थोरल्या फिटरकडे रस्त्यावर खुणा करायचा खडू होता. मी चावीच्या दांड्यावर एक रेघ मारली आणि तिच्या बरोबर समोर झाकणाच्या चौकटीच्या लोखंडावर दुसरी. दहा वेळा उजवीकडे, दहा वेळा डावीकडे, दोन्हीकडे सारखाच हलका दाब, आणि प्रत्येक वेळी सोडून द्यायचं. मामा मोजत होते. पहिल्या दहानंतर रेघा समोरासमोर. डावीकडच्या दहानंतरही समोरासमोर. पुन्हा उजवीकडे: तशाच. पुन्हा डावीकडे. आठव्या दाबानंतर मी वाकून बघितलं. रेघ केसभर सरकली होती. नववा, दहावा. आता दोन केस, डावीकडे.

"परत येत नाहीये," मी म्हटलं.

मामांनी आणखी दहा दिले. खडूच्या रेघा आता बोटभर लांब गेल्या होत्या. मग खालून दात करकरावेत तसा आवाज आला आणि चावी डावीकडे चालायला लागली. जुन्या नोंदीत चौतीस फेऱ्या लिहिल्या होत्या. मामांनी तिसाव्या फेरीला चावी माझ्या हातात दिली. "शेवटच्या तुम्ही घाला. एवढं डोकं खाल्लंत सगळ्यांचं." चौतिसाव्या फेरीला व्हॉल्व्ह थांबला. धाकट्या फिटरने पुढच्या चौकातून हात वर केला: तिकडे पाणी बंद. मॅडम फाटकाच्या आतल्या नळाशी गेल्या आणि तो पूर्ण उघडून पाणी खळाळत असताना तशाच उभ्या राहिल्या.

मी तिथेच फूटपाथवर बसून दोनशे बारासमोरचं 'माहीत नाही' काढलं. डावी. तपासणीची तारीख आजची, खरी.

सव्वादहाला काकाचा फोन आला. बाईंच्या रजेची गोष्ट मी त्याला आदल्या रात्रीच सांगितली होती. मागे मशीनची घरघर ऐकू येत होती.

"पाणी येतंय," तो म्हणाला. "कुठल्या बाजूला निघाला?"

"डावीकडे."

"म्हणजे बदलला नव्हता." तो म्हणाला. "मग त्या ऑगस्टात बाईंच्या जागी कोण बसला होता गं? त्या दोन महिन्यांत त्याने आणखी काय काय सरळ करून ठेवलंय, ते बघायला नको?"

मी उठून कपड्यांवरची माती झटकली. दोन महिन्यांत एकूण किती ओळी भरल्या गेल्या होत्या, ते मी अजून मोजलंच नव्हतं.